चार मिनिटांचं सोवळं

"आज दुपारी तासभर माझ्या खोलीत कुणी यायचं नाही. बायोस अपडेट करायचंय," असं मी रविवारी सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं. आईने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कुठल्या बायोस?"

आई माहेरची रत्नागिरीकडची. पाळण्यातल्या पोरीपासून पन्नाशीच्या बाईपर्यंत तिच्या लेखी सगळ्या 'बायो'. त्यामुळे तिने माझ्या वाक्याचा व्याकरणाला धरून अर्थ लावला : बायो, द्वितीया, एकवचन. म्हणजे कुणा एका बायोस काहीतरी करायचं आहे, आणि तेही दार लावून. बायकोला ठसका लागला. मी आईला समजावलं, की बायोस हे कॉम्प्युटरच्या पोटातलं काहीतरी असतं. "मग पोटातलं काहीतरी असंच म्हण की," असं म्हणून आईने बशी पुन्हा उचलली.

तसं ते पोटातलंच. मदरबोर्डावर हरभऱ्याच्या डाळीएवढी, आठ पायांची एक काळी चिप असते. बायोस तिच्यात राहतो. बटण दाबल्यावर घरात सगळ्यांत आधी उठतो तो. माझी आजी पहाटे चारला उठून बंब पेटवायची, गोठ्यात डोकावायची, कोण जागं आणि कोण लोळतंय ते पाहायची आणि मग एकेकाला हाका मारायची. बायोसचं काम तेच. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क धुगधुगतेय का, अशी हजेरी घ्यायची. घर नीट जागं झालं, की मग विंडोज नावाचे मालक उठतात आणि सगळं आपणच चालवतो अशा थाटात झोपाळ्यावर बसतात. (खरं म्हणजे हल्ली बायोसच्या जागी यूईएफआय नावाचा नवा कारभारी आला आहे. पण पुण्यातल्या लकडी पुलाचं लाकूड जाऊन पिढ्या लोटल्या, कागदोपत्री नावही बदललं, तरी रिक्षावाल्याला आपण लकडी पूलच सांगतो. तसंच हे.)

आजीचं आणखी एक होतं, सोवळं. नैवेद्य होईपर्यंत तिला शिवायचं नाही, मध्ये हाक मारायची नाही, दांडीवरचं लुगडं काठीनेच काढायचं. आम्ही नातवंडं मुद्दाम तिच्या अंगाला वारा लागेल इतक्या जवळून पळायचो. मोठेपणी त्या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली, आणि सोवळ्याच्या नावाखाली माणसांनी माणसांशी जे केलं ते पाहता टिंगल थोडी कमीच पडली असं मला अजून वाटतं. आणि आता पंचावन्नाव्या वर्षी मी हातात पेनड्राइव्ह घेऊन बायकोला सांगत होतो, "शिवू नकोस, आत्ताच फॉरमॅट केलाय."

याला कारण भाचा. माझा कॉम्प्युटर २०१८ च्या दिवाळीत तपकीर गल्लीत जुळवून घेतलेला. रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि बी-४५० जातीचा मदरबोर्ड. मुलगी त्याच्यावर व्हिडिओ जोडायला लागली तेव्हा त्याला धाप लागू लागली. मी नवीन घ्यायच्या बेतात होतो. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, वेडा आहेस का? ५६०० प्रोसेसर घे, तुझ्याच बोर्डावर बसेल. सॉकेट तोच आहे. आधी बायोस तेवढा अपडेट कर." हे 'तेवढा' तो ज्या सुरात म्हणाला, त्याच सुरात दंतवैद्य 'किंचित दुखेल हं' म्हणतात.

या सॉकेटची हकिकत ऐकण्यासारखी आहे. त्याचं नाव एएम-४. एएमडी कंपनीने ते २०१६ मध्ये आणलं आणि त्याच घरात प्रोसेसरांच्या पिढ्यामागून पिढ्या नांदवल्या. पण प्रत्येक नव्या पाहुण्याची ओळख बायोसमध्ये लिहून ठेवावी लागते, आणि पुष्कळशा बोर्डांवरची चिप होती १६ एमबीची. घर दोन खोल्यांचं आणि सुना येतच राहिल्या. मे २०२० मध्ये कंपनीने सांगून टाकलं, की येणाऱ्या पिढीला ४०० मालिकेच्या बोर्डांवर जागा मिळणार नाही. बोर्डवाल्या लोकांनी असा काही गिल्ला केला, की पंधरवड्याच्या आत कंपनीने शब्द फिरवला. मग जागा करायची कशी? अगदी एकत्र कुटुंबात करतात तशीच केली. काही बोर्डांच्या बायोसमधून सगळ्यांत जुन्या प्रोसेसरांची नावं काढली, म्हणजे थोरल्या काकांना गावी धाडलं. काहींनी बायोसमधली रंगीत चित्रं काढून साधा पडदा बसवला, म्हणजे दिवाणखान्यातलं शोकेस हलवून तिथे खाट टाकली.

त्याआधी २०१८ मध्ये याहून मोठी गंमत झाली होती. लोक नवा प्रोसेसर आणि दुकानात बरेच दिवस पडलेला बोर्ड घरी आणायचे. बोर्डाचा बायोस जुना, तो नव्या प्रोसेसरला ओळखेना. ओळखत नाही म्हणून मशीन चालू होईना, आणि चालू होत नाही म्हणून बायोस अपडेट करता येईना. शेवटी एएमडीने पात्र ग्राहकांना एक जुना प्रोसेसर उसना पाठवायला सुरुवात केली. तो बसवा, बायोस अपडेट करा, आणि प्रोसेसर परत करा. जगातल्या एवढ्या प्रगत उद्योगाचं घोडं शेवटी शेजारणीकडून वाटीभर विरजण आणण्यावर अडलं होतं. मला हे फार आवडतं. म्हणून क्रम लक्षात ठेवायचा : जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस बदलायचा, नवा मग बसवायचा.

खालच्या मजल्यावरच्या काकांना जिन्यात हे कळलं. "चालतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला?" ते म्हणाले. काकांचं सहसा काही पटत नाही, पण हे बरंचसं पटलं. बायोस हे काही मोबाईलमधलं ॲप नव्हे, की लाल टिंब दिसलं आणि दाबलं. कारण असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. पण कारणं असतात. नवा प्रोसेसर हे एक, सुरक्षेतलं भगदाड हे दुसरं, आणि तिसरं २०२४ मध्ये इंटेलवाल्यांनी भोगलं. तेराव्या-चौदाव्या पिढीचे त्यांचे बडे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःलाच झिजवत होते. त्यावरचा उतारा ऑगस्टमध्ये बायोसच्या अपडेटमधूनच आला, आणि आधी झालेली झीज काही त्याने भरून येणार नव्हती. 'चालतंय ना' म्हणत बसलेल्यांचं तोवर खरोखरच चालत होतं. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "म्हणूनच मी कॉम्प्युटर घेतला नाही."

आता तयारी. पहिली पायरी म्हणजे आपल्या बोर्डाचं पूर्ण नाव शोधणं. हे सोपं वाटतं, कारण आपल्याला कंपनीचं नाव माहीत असतं. पण बोर्डांची नावं म्हणजे कोकणातले जमिनीचे सातबारे. एकाच नावापुढे प्रो, प्रो मॅक्स, एम, एम-टू, वायफाय अशी पोटहिश्शांची रांग, आणि एक अक्षर चुकलं की आपण चुलत्याच्या बागेत आंबे काढतोय. वर आणखी रिव्हिजन नावाचा प्रकार. तोच बोर्ड, तेच नाव, पण कंपनीने मधल्या काळात आतले काही भाग बदललेले, म्हणून १.० साठी एक फाईल आणि २.० साठी वेगळी. तो आकडा काही बोर्डांच्या कोपऱ्यात इतक्या बारीक छापलेला असतो, की वाचण्यासाठी कॅबिनेटचा दरवाजा काढून, टॉर्च तोंडात धरून, आडवं व्हावं लागतं. मी आडवा झालो. आकडा सापडला. शिवाय २०२१ पासून हरवलेला माझा नखं कापायचा कटर सापडला. तो तिथे कसा गेला यावर घरात दोन मतं आहेत.

मग कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाचं पान. तिथे बायोसच्या आवृत्त्यांची उतरंड, आणि प्रत्येकीपुढे तिने काय सुधारलं याची नोंद. मी चष्मा लावून भक्तिभावाने वाचायला बसलो. सगळ्यांत नवी : 'सिस्टिमची स्थिरता सुधारली.' तिच्या आधीची : 'सिस्टिमची स्थिरता सुधारली.' तिच्याही आधीची : 'सिस्टिमची स्थिरता सुधारली.' अशा अकरा आवृत्त्या. माझी तिच्याही खालची. म्हणजे अकरा वेळा सुधारण्याइतकी अस्थिरता मांडीवर घेऊन मी इतकी वर्षं आयकर विवरणपत्रं भरत होतो. एका आवृत्तीपुढे मात्र निराळं लिहिलं होतं : 'या आवृत्तीनंतर मागे जाता येणार नाही.' लग्नपत्रिकेत हे कुणी छापत नाही, या लोकांनी छापलं, याबद्दल मला आदर वाटला. एका फाईलीपुढे 'बीटा' होतं. बीटा म्हणजे मीठ चाखून न पाहिलेली आमटी. नैवेद्याला चाखत नाहीत हे खरं, पण बायोसला चाखलेलीच घ्यावी. मी बीटा सोडून तिच्या खालची घेतली.

फाईल उतरली ती झिपच्या गाठोड्यात. ते सोडावं लागतं. तसंच पेनड्राइव्हवर टाकलं तर बायोसला ते दिसत नाही, आणि मग माणूस पेनड्राइव्हला दोष देतो. काही बोर्डांना फाईलीचं नावही ठरावीकच लागतं, कंपनीने सांगितलेलं, एक अक्षर इकडे-तिकडे चालत नाही. इथे विंडोज एक खोडी काढून ठेवतं. ते फाईलीचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, लपवून ठेवतं. आपण नाव बदलताना शेपूट लिहितो, आधीचं लपलेलं असतंच, आणि फाईलीला दोन शेपट्या होतात. बायोस तिच्याकडे ढुंकून बघत नाही. आजीनेही बघितलं नसतं.

आणि मग पेनड्राइव्ह. तो फॅट-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, कारण बायोसला ती जुनी लिपी हमखास वाचता येते. माझ्याकडे नवा कोरा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह होता. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत बघतो तर फॅट-३२ चा पर्यायच नाही. ३२ जीबीच्या वर गेलं की ती खिडकी हा पर्याय दाखवत नाही. इतर वाटा आहेत, पण सोवळ्याच्या दिवशी आडवाटेने जाऊ नये. छोटा पेनड्राइव्ह हवा. घरभर शोधलं. एक सापडला तो व्हायरसने भरलेला, झेरॉक्सच्या दुकानात आयुष्य गेलेला. एक आईच्या अभंगांचा, त्याला हात लावण्याची माझी प्राज्ञा नव्हती. शेवटी कपाटात, लाल मखमलीच्या डबीत, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह सापडला. फोटोग्राफरने सगळ्या जवळच्या नातेवाइकांना वाटलेला. सोनेरी, बदामाच्या आकाराचा, वर वधूवरांची नावं कोरलेली, १६ जीबीचा. मी त्यातले सगळे फोटो कॉम्प्युटरवर 'नवीन फोल्डर (३)' मध्ये नीट उतरवून घेतले आणि मगच फॉरमॅट केला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे माझ्यावर बरेच आरोप झाले.

वार ठरवणं सोपं होतं. पुण्यात गुरुवारी हात लावायचा नाही. गुरुवार हा दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार, आणि वीज असली तरी पाणी जाण्याचा. रविवारी दुपारी अडीच ही मी शोधून काढलेली सर्वांत निर्वात वेळ. मिक्सर थंड, वॉशिंग मशीन थंड, लिफ्ट मुक्कामाला, आणि सोसायटीच्या एकूण लोकसंख्येपैकी जागा फक्त मी. तरीही यूपीएस हवाच. आमच्याकडे होता. टेबलाखाली हिरवा दिवा लावून सहा वर्षं इमानाने बसलेला. भाचा म्हणाला, "मामा, प्लग काढून बघ आधी." मी प्लग काढला. यूपीएसने एकदा 'कूं' केलं आणि सात सेकंदांत मान टाकली. इतकी वर्षं आम्ही ज्याच्या भरवशावर होतो तो नुसता दिवा होता. मग १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची नवी बॅटरी आणली. बायको म्हणाली, "अहो, कॉम्प्युटर वाचवायचा म्हणून प्रोसेसर, प्रोसेसर चालायचा म्हणून अपडेट, अपडेट वाचवायचं म्हणून बॅटरी. बॅटरी वाचवायला काय आणताय?"

एक काम भाच्याने दटावून करून घेतलं. त्यानेच कधीतरी माझ्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप घातलं होतं. बायोस बदलला की हे कुलूप बिथरण्याचा संभव असतो. दारात अनोळखी माणूस आलाय असं समजून ते ४८ आकड्यांची किल्ली मागतं. म्हणून ते आधी तात्पुरतं थांबवायचं, आणि तरी किल्ली कागदावर लिहून ठेवायची, कॉम्प्युटरमध्ये नव्हे. कॉम्प्युटरची किल्ली कॉम्प्युटरमध्येच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यात मी होतो. मी ती बायकोच्या हिशेबाच्या वहीत, हाताशी आलेल्या पानावर उतरवली. पुढच्या महिन्यात तिने दूधवाल्याला ती वाचून दाखवली.

एवढी सगळी भीती कशाची, असं कुणी विचारेल. मला विचाराल तर २६ एप्रिल १९९९, सोमवार. तैवानच्या चेन इंग-हाऊ नावाच्या विद्यार्थ्याने आदल्या वर्षी लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली त्याच तारखेला, म्हणून लोकांनी त्याचं नाव चेर्नोबिल ठेवलं. तोवरचे व्हायरस फाईली खायचे, पडद्यावर अक्षरं पाडायचे, वाह्यातपणा करायचे. या पठ्ठ्याने डिस्कच्या सुरुवातीला शून्यं भरली आणि जिथे जमलं तिथे थेट बायोसच्या चिपवर कचरा लिहिला. त्या सोमवारी आमच्या कचेरीत दोन मशीन सुरूच झाली नाहीत. पडदा काळा, आवाज नाही, काही नाही. हार्डडिस्क बदलून पाहिली, मेमरी काढून फुंकर मारून पाहिली. (१९९९ मध्ये फुंकर हा मान्यताप्राप्त उपचार होता.) शेवटी दुरुस्तीवाल्याने चिप उपटली, तशाच एका चालू मशीनला सुरू केलं, ते चालू असतानाच त्याची चिप काढून मेलेली बसवली आणि तिच्यात नवा बायोस लिहिला. चालत्या माणसाचं काळीज काढून दुसऱ्याचं बसवावं तसं. तो हे करत असताना तोंडाने गाणं गुणगुणत होता. माझ्या मनात बायोसची जी भीती बसली ती त्या गाण्याच्या चालीवर.

त्याआधीचा काळ तर सुखाचाच म्हणायचा. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याचा बायोस मावायचा ८ केबीमध्ये, आणि तो बदलायचा प्रश्नच नव्हता, चिपमध्ये कायमचा कोरलेला. नंतर अशा चिपा आल्या ज्यांच्या पाठीवर काचेची खिडकी असायची. त्यातून अतिनील प्रकाश सोडला की लिहिलेलं पुसलं जायचं, म्हणून एरवी खिडकीवर कागद चिकटवलेला. माझ्या १६ एमबीच्या चिपमध्ये ते ८ केबीचे बायोस मोजून २,०४८ मावतील. एवढ्या जागेत हे लोक काय ठेवतात? निम्मी जागा तरी कंपनीचा ड्रॅगनबिगन आणि फिरत्या पंख्यांच्या चित्रांना लागत असावी असा माझा संशय आहे.

आणि न्यायाने बोलायचं तर ती भीती आता उरायला नको. चुकीच्या बोर्डाची फाईल दिली तर हल्लीचे बहुतेक बायोस ती तपासून नाकारतात. काही बोर्डांवर दोन चिपा असतात, एक गेली तर दुसरी पदर खोचून उभी. काहींच्या मागे खास बटण असतं. ठरलेल्या यूएसबीच्या भोकात पेनड्राइव्ह घाला, बटण दाबा, प्रोसेसर नसला तरी बायोस लिहिला जातो. आणि काहीच नसलं तरी दुरुस्तीवाले आठ पायांना चिमटा लावून पाच मिनिटांत चिप पुन्हा लिहून देतात, काळीज बाहेर काढावं लागत नाही. माझ्या बोर्डावर दुसरी चिपही नाही आणि बटणही नाही. २०१८ मध्ये दुकानदाराने बटणवाला बोर्ड दाखवला होता. मी विचारलं, "हे बटण रोज लागतं का?" तो म्हणाला, "नाही." मी नऊशे रुपये वाचवले.

अडीच वाजले. आईला जपमाळ दिली, बायकोने बेल काढून ठेवली. मुलीने दारावर चिठ्ठी लावली : 'आत शस्त्रक्रिया.' मी हात धुतले. का धुतले ते सांगता येणार नाही. मागच्या बाजूच्या, थेट बोर्डावरच्या यूएसबीत तो सोनेरी बदाम खोचला, मशीन सुरू केलं आणि डिलीट हे बटण टकटक दाबत राहिलो. बायोसचा पडदा आला. फाईल दिसली, एकटीच, स्वच्छ. मी निवडली. 'नक्की?' असं त्याने विचारलं. एरवी दिवसातून पन्नास वेळा मी न वाचता 'होय' दाबतो. आयुष्यात पहिल्यांदा मी विचार केला.

पट्टी सरकू लागली. आधी पुसतो, मग लिहितो, मग लिहिलेलं ताडून पाहतो. पुसून झालं आणि लिहून व्हायचंय, या मधल्या वेळात कॉम्प्युटर म्हणजे नाव नसलेला माणूस असतो. ९ टक्के. १४ टक्के. मी श्वास हळू घेत होतो, जणू माझ्या श्वासाने व्होल्टेज पडणार होतं. २२ टक्क्यांना एक डास येऊन कीबोर्डच्या एंटरवर बसला. त्याला मारावं तर एंटर दाबला जाणार. मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे. ३१ टक्क्यांना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि त्यामागोमाग बायकोचं कुजबुजत 'सॉरी हं' आलं. ४१ टक्क्यांना यूपीएसच्या पोटात 'टक' वाजलं.

फक्त टक. दिवे किंचित मावळले, पुन्हा उजळले. कुणीतरी लिफ्ट बोलावली होती. कोण होतं ते मी संध्याकाळी रखवालदाराकडून शोधून काढलं. जिना उतरायचा कंटाळा आला म्हणून काका. पण त्या क्षणी मला काका दिसत नव्हते. मला १९९९ मधला तो गुणगुणणारा माणूस दिसत होता. पट्टी ४१ वरच. मी हात जोडले की नुसतेच एकमेकांत अडकवले यावर मुलगी आणि मी यांच्यात मतभेद आहेत, ती फटीतून बघत होती. मग ४२.

बरोबर चार मिनिटांनी १०० झालं आणि पडदा काळा पडला. हा काळोख कुणी सांगत नाही. मशीन आपोआप बंद झालं, सुरू झालं, पंखे घोंगावले, पुन्हा बंद, पुन्हा सुरू. नवा बायोस आला की तो मेमरीची ओळखपरेड नव्याने घेतो, त्यात थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात माणूस घाबरून बटण बंद करतो. ते करायचं नाही. मी हातांवर बसलो. अक्षरशः. मग पडद्यावर अक्षरं उमटली : तुमच्या सुरक्षेच्या किल्ल्या जिथे असतात ती जागा नव्याने मांडू का, होय की नाही? ज्या माणसाने नुकतंच बाळंतपण पाहिलंय त्याला हे लगेच विचारू नये. मी भाच्याला फोन लावला. "४८ आकडे लिहून ठेवलेत ना? मग वाय दाब," तो म्हणाला. मागून क्रिकेटच्या सामन्याचा आवाज येत होता.

सुरू झाला. विंडोज मालक उठले, आदल्या रात्री काय झालं याचा त्यांना पत्ताही नव्हता. बाकी सेटिंग मात्र सगळी मूळपदावर गेली होती. माझी ३२०० ची मेमरी २१३३ वर रांगत होती, पंखे ढोलताशा पथकासारखे सुटले होते. अपडेटच्या आधी सेटिंगच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते म्हणून निभावलं. बाहेर येऊन मी "झालं" म्हणालो. आईने माळ खाली ठेवली आणि विचारलं, "बायो बरी आहे ना?"

नवा प्रोसेसर अजून डबीत आहे. त्याच्या पोटाखाली १,३३१ केसांइतक्या बारीक पिना आहेत. शिवाय भाचा सहज बोलून गेला, की जुना कूलर काढताना पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो कधीकधी, तेवढं जरा बघ. 'तेवढं'. मी बघतो आहे.

दिवाळीत पुतणी आणि जावई आले. भाचाही होता. फराळ झाल्यावर बायकोला हुक्की आली आणि तिने कपाटातून ती मखमली डबी काढली. माझ्या लक्षात येईपर्यंत तो सोनेरी बदाम टीव्हीच्या पाठीत गेला होता. आमचा टीव्ही जुन्या वळणाचा, त्याला उघडता न येणाऱ्या फायलींचीही नावं दाखवतो. निळ्या पडद्यावर एकच बारीक ओळ उमटली, आठ-दहा अक्षरं आणि आकड्यांची. मुंडावळ्या नाहीत, सप्तपदी नाही, जेवणाच्या पंगतीत तोंडात जिलबी असलेला मीही नाही.

"काका?" पुतणी म्हणाली.

"अगो, यातली बायो कुठे गेली?" आईने विचारलं.

"आहे की आजी," भाचा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "बायोसच आहे त्यात."

आईने चष्मा पुसला, पडद्याच्या जवळ गेली आणि त्या एका ओळीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"अगो बाई," ती म्हणाली, "किती रोडावली गो पोर!"